नऊशे बासष्ट भोकं

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

पाचवी काडी तुटली! लेकीनं, मितालीनं, पुण्याहून दहाचं पाकीट पाठवलं होतं, तीन दिवसांत निम्मं संपलं. काडी म्हणजे ड्रिलची. पॉइंट सहा मिलिमीटर, शिवणाच्या सुईएवढी. पितळेचा पत्रा पोस्टकार्डाएवढा पातळ. एवढ्या पातळ पत्र्याला भोक पाडायला जोर कशाला लागतो, असं वाटत होतं. जोर लागतच नाही. पण ते हाताला कोण सांगणार?

भोकं पडली चार. त्यातलं एक तिकोनी. मागच्या बाजूनं कडा फाटल्या, बोट फिरवलं तर रक्त आलं. चौतीस वर्षं पाटबंधारेच्या कार्यालयात अनुरेखक होते मी. कालव्यांचे नकाशे शाईनं उतरवले, एक थेंब इकडचा तिकडे नाही. आणि रिटायर होऊन सहा महिने झाले नाहीत तर हा एवढासा तुकडा मला वाकुल्या दाखवतोय!

१६ नोव्हेंबर, रविवार

हा उपद्व्याप कशासाठी ते एकदा लिहून ठेवते. पुढे कंटाळा आला की वाचता येईल.

मामाजींचं — माझ्या सासऱ्यांचं, वामनरावांचं — एक फेब्रुवारीच्या पौर्णिमेला सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस म्हणून एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं. आणि मामाजींना ना दिवा दिसत, ना चंद्र. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार वर्षं झाली. उजेड कळतो, समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. डॉक्टर म्हणतात साधं ऑपरेशन आहे, पण आता फार थांबू नका. मामाजी म्हणतात, "पाहाचं थे पाहून झालं."

खरं कारण वेगळं आहे. रेल्वेत त्यांच्याबरोबर लखीराम म्हणून गँगमन होता. अठ्ठ्याहत्तर साली ऑपरेशन झालं आणि त्याचा डोळाच गेला. हाताला धरून त्याला घरी पोचवणारे मामाजीच. तेव्हापासून ऑपरेशन म्हटलं की ते भिंतीकडे तोंड करून बसतात.

दिवाळीत मी जरा जास्तच बोलले. त्यांना हट्टी म्हणाले. म्हणायला नको होतं. नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, चहासुद्धा यांच्या हातून घेतला. तेव्हा शपथ घेतली — डोळ्यांचा विषय माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. डोळे नसतील तर बोटं आहेत. बोटांना दिसेल असं काहीतरी द्यायचं.

मामाजी शकुंतला या गाडीवर गार्ड होते. यवतमाळ ते मूर्तिजापूर, छोटी लाइन, एकतीस वर्षं. म्हणून गार्डाचा डबा करतेय. पितळेचा, फूटपट्टीएवढा लांब, रिबेटांसकट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या गोल डोक्यांसकट. रिबेट नुसते रंगवून उपयोग नाही, बोटाला लागले पाहिजेत. म्हणजे प्रत्येक रिबेटसाठी एक भोक, त्यात तारेचा तुकडा, मागून कथलाचा डाख. पत्रा आणि तार लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून आणली, तिथला माणूस म्हणाला, "ताई, नथीचा कारखाना टाकता काय?"

मामाजींना काही सांगितलेलं नाही. दिसत नाही याचा एवढा एकच फायदा.

१९ नोव्हेंबर

मागच्या पडवीत बसून काम करते. अकरा ते एक. तेव्हा मामाजी पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत असतात. आज जेवताना म्हणाले, "श्रीकृष्णा, घरात उंदीर झाला. मागं काहीतरी कुरतडून राह्यला."

हे तर भाताचा घास घेऊन ठसकलेच. मी म्हटलं, असेल बाई, बघते.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज नमुन्याचा फोटो पक्का झाला. त्र्याऐंशी सालचा, काळा-पांढरा. डबा दारव्ह्याच्या फलाटावर उभा आणि मामाजी गार्डाच्या खिडकीतून बाहेर झुकलेले, कोपर खिडकीखाली टेकवलेलं, बगलेत झेंडी. काय रुबाब! चाळीशीही आली नव्हती. आत्याबाई, माझ्या सासूबाई, असताना हा फोटो देवघराशेजारी असे. त्या गेल्यावर मामाजींनीच काढून ठेवायला लावला.

हे गणिताचे मास्तर, रिटायर झाले तरी मोजायची खोड गेली नाही. भिंग घेऊन बसले आणि ओळी मोजल्या. दोन्ही बाजू, दोन्ही टोकं धरून रिबेट निघाले नऊशे बासष्ट. खिडकीखालची जागा मामाजींच्या कोपरानं झाकली आहे, तेवढी सोडून.

नऊशे बासष्ट! आणि माझी आत्तापर्यंतची भोकं अकरा, त्यातली धड दोन. मला हसूच आलं. हे म्हणाले, "हसून काय राह्यली वो, रोजचे तेरा-चौदा पाड, होते तेवढ्यात." यांना तोंडी हिशेब फार सोपा.

२ डिसेंबर

काडी एकच उरली होती. आज ती हातात धरायचीही भीती वाटत होती. तेवढ्यात तानाबाई आली.

तानाबाई दारव्ह्याकडच्या तांड्यावरून येते. वीस वर्षं झाली, तुरीच्या ओल्या शेंगा निघाल्या की पहिली टोपली आमच्याकडे. आधी मामाजींपाशी बसते. त्यांच्या गाडीनंच ती बाजाराला यायची, टोपल्यांसकट गार्डाच्या डब्यात. मग पडवीत येऊन चहा पिते. आज तिनं माझा पत्रा उचलला, उजेडात धरला, फाटकी भोकं पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"कुंदाबाई, हे उंदरानं खाल्लं काय?"

आता तीपण! मी सांगितलं काय करतेय ते, हळू आवाजात. तिनं ओढणीचा काठ माझ्यापुढे धरला. काठाला जुन्या चवन्या टाचलेल्या, ओळीनं चाळीस-पन्नास, प्रत्येकीला वर एक भोक. गोल आणि कडा गुळगुळीत. वीस वर्षं ती ओढणी माझ्यासमोर आहे. मी कधी भोकं पाहिली नव्हती.

"माही याडी पाडे हे," म्हणाली. याडी म्हणजे तिची आई. "पत्र्याले असं उघडं नाई टाकत. एकटा पडला का थो थरथरते, मंग फाटते. खालून एक जोडीदार पायजे, वरून एक."

मग तिनं करून दाखवलं. खाली पाट, पाटावर पत्रा, पत्र्यावर जुन्या मोजपट्टीची पातळ चीप, सगळं गच्च बांधलेलं. आधी सुई ठेवायची आणि हलकेच एक टिचकी, पत्र्यावर फक्त टिंब. ती म्हणाली, "सुईनं जागा विचाराची. जागा भेटली तं मंग भोक." काडीला साबण चोळायचा. आणि ढकलायचं नाही, नुसतं फिरवायचं.

मी फिरवायला लागले. "दात-ओठ काहून खाऊन राह्यली? सोड. भोकाले राग समजते."

दात-ओठ सोडले. फिरवलं. पितळेचा एक बारीक कुरळा केस वर आला आणि काडी आरपार गेली. चीप काढून भिंगातून पाहिलं. गोल! मागून, पुढून, सगळीकडून गोल! मी तानाबाईला मिठीच मारली. तिचा चहा सांडला. ती म्हणाली, "बाप्पा, एका भोकासाठी एवढं?"

आधीची फाटकी मोजायची नाहीत, म्हणजे नऊशे एकसष्ट राहिली होती ना अजून.

५ डिसेंबर

तानाबाई मुद्दाम परत आली आणि तिच्या आईचा ठोकळा देऊन गेली. बाभळीचा, तळहाताएवढा, वरचं अंग खाचांनी भरलेलं. तिच्या आईनं नाण्यांना पाडलेली भोकं याच ठोकळ्यावर. "काम झालं का वापस दे. देल्ला नाई तं येऊन नेईन." मितालीनं नवं पाकीट पाठवलंय. या वेळी वीसचं.

९ डिसेंबर

आज एका बैठकीत सदतीस. हाताला लय सापडली. टिंब, साबण, फिरवणं, फुंकर. पडवीत ऊन येतं तेव्हा पाटावर पितळेचा भुगा चमकतो, तो मी पिसानं गोळा करून बाटलीत भरतेय. कशासाठी? उगीच. टाकवत नाही.

एक गोष्ट लिहायलाच हवी. ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि शेवटची बारा वर्षं माझ्या हाताला काम नव्हतं. नकाशे यंत्रातून निघायचे, मी त्यांच्या घड्या घालून फायलीत लावायची. पगार तोच, खुर्ची तीच. घरी येऊन कुणाला सांगायचं की आज दिवसभरात मी एक रेघ ओढली नाही? आता रोज दोन तास हा हात माझा असतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढा आनंद होतोय, हे कुणाला सांगितलं तर वेड लागलं म्हणतील.

१० डिसेंबर

एक्केचाळीस. काडी एकही तुटली नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

मामाजींनी यांना पाठवून पिंजरा आणवला. आज सकाळी स्वतः चाचपडत भाकरीचा तुकडा लावला आणि मला म्हणाले, "पडवीत ठेव, सूनबाई." मी ठेवला. माझ्याच पायाशी.

दुपारी विचारलं, "सापडला काय?"

"नाही मामाजी."

"मोठा शिस्तीचा हाये. बरोबर अकराले लागते, बरोबर एकले थांबते. रविवारीच तेवढी सुट्टी घेते." आणि रेडिओकडे हात नेत म्हणाले, "सरकारी दिसते."

हे उठून न्हाणीघरात गेले आणि तिथे हसत बसले. माझी मात्र पंचाईत. रोज संध्याकाळी पाय दाबताना मी गाडीचं काहीबाही विचारते. डब्याला पायऱ्या किती, ब्रेकचं चाक कुठल्या अंगाला, दार आत उघडायचं की बाहेर. मामाजी खुलतात, तासभर बोलतात. आज विचारलं, "तुम्ही गाडीत बसायचे कुठे?"

"बसे कोण? खिडकीत उभा राहो. ड्रायव्हरले वाटे गाडी थो चालवते. गाडी म्या पाह्यली तं चाले." पाहिली हा शब्द त्यांच्याच तोंडून निघाला होता. मी पाय दाबत राहिले, शपथ होती म्हणून तोंड उघडलं नाही.

३० डिसेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यांनी विचारलं. पिकलेला मोतीबिंदू फार दिवस राहिला तर डोळ्यात दाब वाढतो, म्हणाले. मग दुखेल आणि नंतर ऑपरेशनचाही उपयोग होईल असं नाही. फार तर मार्चपर्यंत थांबा.

आज काम नाही झालं. बसले, दोन काड्या तोडल्या, उठले. तानाबाई म्हणते तेच खरं. राग नव्हता, धास्ती होती, पण भोकाला तीही समजली.

मी काय करतेय? माणसाचे डोळे जायची वेळ आली आणि मी त्याला खेळणं करून देतेय. यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, "बोलून पाह्यलं ना आपण? तू बोलली, मी बोललो, मिताली रडली. आता जे येते थे कर." उद्यापासून पुन्हा अकराला बसायचं.

८ जानेवारी २०२६

झाली! नऊशे बासष्ट! दोन्ही बाजूंचे पत्रे खिडकीत टांगले, ऊन आरपार आलं आणि फरशीवर उजेडाच्या टिंबांच्या ओळी पडल्या. सरळ! एकही ओळ पोटात गेलेली नाही. आमचे हेड ड्राफ्ट्समन असते तर म्हणाले असते, "ठीक आहे." त्यांच्याकडून एवढं मिळालं की आम्ही पेढे वाटायचो.

यांनी कागदावर आकडा लिहिला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "अडतीसच कमी पडले न वो."

"कशाला?"

"हजाराले. हजार चंद्र, हजार रिबेट. काय शोभन!"

माझ्या डोक्यात तो किडा घालून हे फिरायला निघून गेले.

१० जानेवारी

हेड ड्राफ्ट्समन पहिल्या दिवशी सांगायचे, मूळ नकाशात नसलेली रेघ आपण ओढायची नाही. चुकीची वाटली तरी मूळ तेच उतरवायचं, नसलेलं घालायचं नाही. चौतीस वर्षांत मी ते मोडलं नाही. एकदा एका विहिरीचं वर्तुळ मूळ नकाशात राहून गेलेलं डोळ्यांना दिसत होतं, तरी मी काढलं नव्हतं.

पण खिडकीखालची जागा फोटोत दिसतच नाही. कोपर आहे तिथे. सगळीकडे रिबेट आहेत तर तिथेही असणारच की! खिडकीखाली एक ओळ, एकोणीस. दुसऱ्या बाजूच्या खिडकीखाली एकोणीस. अडतीस बरोबर बसतात. जणू जागा ठेवलेली.

पाडली. सगळ्यांत सुंदर भोकं तीच आली आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत

हजार तारा, हजार डाख. बोटांची टोकं पोळली, तिळगूळ चमच्यानं खाल्ला. हे सगळ्या शेजाऱ्यांना सांगत सुटलेत, "हजार! बरोबर हजार!" फक्त मामाजींना सोडून. मामाजी म्हणाले, "आज उंदीर नाई आला. संक्रांतीची सुट्टी असन."

२२ जानेवारी

डबा जोडला. चाकं, पायऱ्या, ब्रेकचं चाक, दार उघडतं आणि मिटतं. रंग अर्ध्या तासात देऊन टाकला, विटकरी तांबडा. मामाजींना दिसणार नाही, मग रंगाचं एवढं काय!

तर तानाबाई ठोकळा न्यायला आली आणि डबा पाहून म्हणाली, "हे काय? गाडी हिरवी होती." हे म्हणाले तांबडीच होती, लहानपणी रोज पाहिली. ती म्हणाली, मी त्यात बसली, तुम्ही नुसती पाहिली. दोघं अर्धा तास भांडले. फोटो काळा-पांढरा, तो कुणाचीच बाजू घेईना. तांबडाच राहू दिला.

ठोकळ्याला निघताना तिनं हात फिरवला. याडीच्या खाचांमध्ये माझ्याही खाचा झाल्या आहेत, आता कुठली कुणाची ते ओळखू येत नाही. "बरं झालं," म्हणाली. "वाळून चालला होता."

३१ जानेवारी

मिताली आली. डबा हातात घेऊन डोळे मिटले आणि बोटं फिरवली, म्हणाली, "आई, आजोबा रडतील." रडले तर चालेल. मला दुसरीच भीती आहे. बोटं फिरवतील, "चांगलं हाये" म्हणतील आणि बाजूला ठेवतील. त्यांना ते काय आहे हेच कळलं नाही तर? मॅट्रिकच्या निकालाच्या आदल्या दिवशीसारखं झालंय.

१ फेब्रुवारी, रविवार, पौर्णिमा

सगळं जसं झालं तसं लिहिते, एक शब्द सुटायला नको.

संध्याकाळी अंगणात पाट मांडला. एक्याऐंशी दिवे. मी ओवाळलं, तानाबाईनं ओवाळलं, मितालीनं ओवाळलं. मामाजींना तोंडावर ऊब लागत होती, म्हणाले, "लय दिवे लावले वाट्टे." चंद्र वर आला होता. गुरुजींनी चंद्राला हात जोडायला सांगितले, मामाजींनी जोडले, भलत्याच दिशेला, आणि यांनी हळूच त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं.

मग मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"काय हाये?"

बोटं आधी छतावर गेली, मग खाली चाकांवर, मग पायऱ्यांवर. पायऱ्यांपाशी थांबली. "गार्डाचा डबा हाये," म्हणाले. तीन शब्दांसाठी मी तीन महिने बसले होते! दार सापडलं, उघडून पाहिलं, मिटलं. आत करंगळी घालून ब्रेकचं चाक शोधलं. मग बाजूच्या पत्र्यावर आले आणि हळू झाले. ओळीमागून ओळ, एक रिबेट सोडत नव्हते.

खिडकीखाली बोट अडखळलं. मागे गेलं, पुन्हा आलं.

"इथं कायले?"

"काय मामाजी?"

"इथं रिबेट नव्हते. इथं सपाट होतं. एकतीस वर्षं कोपर टेकवला म्या इथं. रिबेट असते तं कोपराले खड्डे पडले असते न, सूनबाई."

पकडली! चौतीस वर्षांत एकदा नसलेली रेघ ओढली आणि डोळे नसलेल्या माणसानं पकडली! मला लाज वाटायला हवी होती. पण मी रडता रडता हसायलाच लागले. डबा त्यांनी इतका ओळखला होता की खोटं कुठे आहे तेही कळलं. चूक सापडल्याचा आनंद मला जन्मात पहिल्यांदा झाला.

यांनी मग कबूल केलं, "हजाराचा हट्ट माझा होता." मामाजी हसले. किती दिवसांनी! "अबे, हजार चंद्र म्या तरी कुठं पाह्यले? पावसाळ्यात ढग नव्हते काय? अन् ड्युटीवर डुलकी लागत नव्हती काय? अडतीस तं असेच गेले असतील. नऊशे बासष्टच बरोबर हायेत."

तेवढ्यात तानाबाईला राहवलं नाही. "बाबा, रंग चुकला. गाडी हिरवी होती न?"

"तांबडी," हे म्हणाले.

मामाजींनी पत्र्यावरून सबंध तळवा फिरवला, एकदा, दोनदा. रंग बोटाला लागत नाही. "दोघंही खोटे," एवढंच म्हणाले. मग कोणता, ते काही केल्या सांगेनात. रात्रीचं जेवण होईपर्यंत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

२ फेब्रुवारी

अडतीस रिबेट कानशीनं घासून सपाट केले. खिडकीखाली बोट फिरवून पाहिलं, कोपर टेकवावंसं वाटेल इतकं गुळगुळीत. मामाजींनी तपासलं. "आता बरोबर." ठीक आहे याच्यापेक्षा हे बरंच जास्त आहे. पेढे आणायला हवेत.

५ फेब्रुवारी

तीन दिवस मामाजी गप्प होते. रेडिओसुद्धा लावला नाही. डबा शेजारी, हात त्यावर. मला वाटलं, मीच काहीतरी दुखवलं. आज चहा देताना म्हणाले, "सूनबाई, बस."

बसले.

"लखीरामचं झालं थे साल कोणतं?"

"अठ्ठ्याहत्तर, मामाजी. तुम्हीच सांगता."

"म्हणजे किती झाले?"

"सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं."

"तवा इंजिन कोळशाचं होतं." चहा संपवून कप माझ्या हातात दिला. "डब्याले तू कोणता रंग देल्ला थो मले कोणी सांगू नका. सांगतला तरी पटणार नाई. म्याच पाहाचा लागन." मग भिंतीकडे तोंड केलं, पण या वेळी भीतीनं नाही, संकोचानं. "डॉक्टरले इचार, कोणता दिवस हाये."

मी शपथ मोडली नव्हती. एक अक्षर बोलले नव्हते. स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून उभी राहिले. नऊशे बासष्ट भोकं पाडली ती बोटांसाठी आणि त्यांना ओढून नेलं त्या रंगानं, जो मी अर्ध्या तासात फासला होता!

१६ फेब्रुवारी, सोमवार

एका डोळ्याचं झालं. वीस मिनिटं. आत जाताना यांचा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठलेत. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "डबा आणला काय?" पट्टी उद्या सकाळी निघेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पट्टी निघाली. मी डबा त्यांच्या डोळ्यांसमोर धरून उभी होते. मामाजींनी डब्याकडे पाहिलंच नाही. डब्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. किती तरी वेळ. मग म्हणाले, "सापडला रे श्रीकृष्णा, उंदीर. चार वर्षांत किती पांढरा झाला न थो."